मानाजीरावांच्या ताटातून काय काय उठलं

डॉक्टरांनी मानाजीरावांना श्वासातून घ्यायचं औषध दिलं आणि शिवरामपेठेनं त्यांचं जेवण काढून घेतलं. हे दोन्ही उपचार एकाच वेळी चालू होते. मानाजीराव दोन्हींतून वाचले, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला मला धीर आला. माझं घर त्यांच्या दुकानासमोर आहे. रंगभूमीवरून उतरल्यापासून समोर चाललेलं नाटक बघणं एवढाच माझा उद्योग उरला आहे. आमच्या कंपनीच्या भरभराटीच्या दिवसांतही इतके आगंतुक प्रवेश आणि इतका लांबलेला दुसरा अंक मी पाहिला नव्हता.

मानाजीराव धंद्यानं शिंपी. त्यांचे पूर्वज म्हैसुरात कधी आले हे त्यांनाही सांगता येत नाही. येताना विठ्ठल बरोबर आणला, एवढं नक्की. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. वय सत्तरीच्या आसपास, अंग सडपातळ, गळ्यात टेप, कानावर खडू. आमची फिरती नाटकमंडळी दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरला मुक्कामाला येई तेव्हा पोशाख त्यांच्याकडे जात. मला राणी पुष्कळ नाटककारांनी केलं, पण राणीसारखी दिसायला लावलं ते मानाजीरावांनी. फाटलेल्या पडद्याच्या मखमलीतून त्यांनी मला एक शेला बेतून दिला होता. तो अंगावर घेऊन मी दरबारात वळले की पहिल्या रांगेतल्या बायका सिंहासनाकडे बघायचं सोडून माझ्या खांद्याकडे बघत. जाहिरातीत नाव यायचं ते मात्र नटांचं, आणि नटांच्या खालोखाल दिव्यांच्या मालकाचं.

त्याचं मानाजीरावांना काही वाटत नसे. शिवण हे त्यांचं पोट होतं, आणि पोटाचा अभिमान धरायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. त्यांचा अभिमान गळ्यात होता. आमच्या इथल्या मराठी घरांत लग्न निघालं आणि अंतरपाट धरला गेला की माइक मानाजीरावांच्या हातात जाई. भटजी कानडी, स्वयंपाकी कानडी, बँडवाले कुठलेही, पण मंगलाष्टकं मराठीतच हवीत, हा हट्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. नव्या मुलांना मराठी येतं ते इतकंच की जेवलास का, कुठं चाललास आणि ऊठ आता. त्यांना मंगलाष्टकाचं अक्षर कळत नाही. पण मानाजीराव शेवटच्या ‘सावधान’वर जाऊन जो सूर लांबवत, तो कळायला मराठी यावं लागत नसे. मी नाटकात असताना मोठमोठ्या गायकनटांना मधेच चोरून श्वास घेताना बघितलं आहे. मानाजीराव चोरी करत नसत. एकदा श्वास भरून घेतला की मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांना तो पुरे.

म्हणून दम्यानं त्यांनाच गाठलं असावं. दम्याला माणसाची पारख चांगली असते.

आधी जिना चढताना धाप, मग पहाटे खोकला, मग मशीनवर बसल्या बसल्या छातीत शिट्ट्या. नात वर्षिणी त्यांना डॉक्टर कमलाक्षींकडे घेऊन गेली. ही मुलगी एका संगणक कंपनीत काम करते, आणि घरात आजोबांना ओरडायचा परवाना तिला एकटीला आहे. डॉक्टरांनी तपासलं, नळीत फुंकायला लावलं आणि इन्हेलर दिला. सकाळी दोन पफ, संध्याकाळी दोन पफ, बरं वाटलं तरी सोडायचं नाही. आणखीही काही सांगितलं असणार. मानाजीरावांनी मान डोलावली. गिऱ्हाइकानं बाही जरा सैल ठेवा म्हटलं की ते अशीच मान डोलावतात आणि मग बाही स्वतःच्या मतानं ठेवतात.

घरी आल्यावर वेदवतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तो इन्हेलर विठ्ठलाच्या पायाशी ठेवला आणि वर तुळशीचं पान वाहिलं. त्या घरात नवं काही आलं की आधी तिथं जातं. नवी कात्री, नवं कापड, वर्षिणीचा मोबाइलसुद्धा. बाकीच्या वस्तू संध्याकाळपर्यंत परत येतात. इन्हेलर मात्र तिथंच राहिला. आंघोळ, खळखळून चूळ, पूजा, तीर्थाची पळी, त्यापाठोपाठ दोन पफ, आणि मग हात डोक्यावरून फिरवून नमस्कार. संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा तेच. इतका नेटका प्रवेश बसवायला आम्हाला महिनाभर तालीम करावी लागली असती.

औषधाला गुण आला. शिट्ट्या थांबल्या, मानाजीराव जिना चढू लागले. त्याच सुमाराला वर्षिणीचं लग्न ठरलं. मुलगा टी. नरसीपूरचा, नाव रक्षित, नोकरी कडकोळच्या कारखान्यात, घरी कन्नडच. लग्न नंजनगूडला करायचं ठरलं. वर्षिणीनं एकच अट घातली, आणि तीही तिच्या त्या अर्ध्या कच्च्या मराठीत: “मंगलाष्टक अज्जा म्हणणार. मोबाइलवर लावलं तर मी उठून जाते.”

दुसऱ्या दिवशी मानाजीराव मशीनवर पाय हलवता हलवता गळा मोकळा करू लागले, आणि तेव्हा लक्षात आलं की गळा मोकळा होत नाही. वरचा सूर लावला की आवाज फाटे, जुन्या चादरीसारखा, मधोमध. काही दिवसांनी बोलतानाही घोगरा आला. जिभेची चव गेली, गिळताना टोचायला लागलं. छाती साफ आणि गळा बंद, म्हणजे वाडा दुरुस्त केला आणि दार भिंतीत चिणलं, अशी गत.

आता लग्नाला दोन-अडीच महिनेच उरले होते. म्हणजे पेठेला हालचाल करणं भाग होतं.

पहिले आले नागोजीराव. मानाजीरावांचे शाळेपासूनचे मित्र, एका कारखान्याच्या भांडारातून निवृत्त. आयुष्यभर कोणती वस्तू कोणत्या फळीवर ठेवायची हे ठरवत आलेला माणूस. निवृत्तीनंतर फळ्या उरल्या नाहीत, म्हणून ते जगातल्या सगळ्या खाद्यपदार्थांना गरम आणि थंड अशा दोन फळ्यांवर लावू लागले. शिवाय मोबाइलवर त्यांना रोज कोणीतरी डॉक्टरचा कोट घातलेला माणूस भेटे. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मानाजीरावांच्या खालोखाल मंगलाष्टकं पाठ असलेला पेठेतला दुसरा माणूस म्हणजे नागोजीरावच. चाळीस वर्षं ते मांडवात मानाजीरावांच्या डाव्या हाताला उभे राहून ओठ हलवत आले होते. मुख्य नटाची तब्येत विचारायला सगळ्यांत आधी कोण येतो, हे नाटकवाल्यांना सांगावं लागत नाही. पण मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. फक्त आशा होती, आणि आशेला काही कोणी पथ्य सांगत नाही.

त्यांनी निदान केलं की इन्हेलर गरम आणि केळं थंड. दोघं गळ्यात भेटतात, आणि गरम काचेवर गार पाणी पडावं तसा गळा तडकतो. मानाजीराव जेवणानंतर रोज नंजनगूडचं रसबाळे केळं खात. चाळीस वर्षं खात होते आणि त्याच गळ्यानं गात होते, पण हा पुरावा कोर्टात कोणी मांडला नाही. केळं बंद झालं.

आठवड्यानं आवाज होता तसाच राहिला, तेव्हा नागोजीरावांना कळलं की केळ्याचे साथीदार मोकळे आहेत. दही गेलं, ताक गेलं. म्हैसुरात माणसाचा दहीभात बंद करणं म्हणजे त्याला शहराबाहेर काढण्यासारखंच आहे. नुसतं घर तेवढं तिथंच राहतं. चिंच आंबट म्हणून सारात चिंच नाही, लिंबू चिंचेचं भावंड म्हणून लिंबू नाही, आणि टोमॅटो दोघांच्या ओळखीचा म्हणून टोमॅटोही नाही. शेजारच्या गिरिजाबाईंनी येऊन शेंगदाण्यांबद्दल सांगितलं, त्यांच्या चुलत जावेला कुठल्यातरी औषधावर शेंगदाणे बाधले होते. औषध कोणतं ते आठवत नव्हतं, जाऊबाई मात्र ठळक आठवत होत्या. शेंगदाणे गेले. आंबवलेलं पीठ छातीत चढतं म्हणून डोसा-इडली गेली. वांगं वातूळ, बटाटा जड, फणस तर काय विचारूच नका. पपनस नागोजीरावांनी स्वतः मोबाइलवर दाखवून बंद केलं. परदेशातली एक बाई काहीतरी इंग्रजीत सांगत होती आणि तिच्या हातात पपनसासारखं काहीतरी होतं.

सगळ्यांत शेवटी कॉफी. ती बंद करायला नागोजीराव स्वतः आले नाहीत. वेदवतीबाईंना निरोप पाठवला. इतकी लाज त्यांना होती.

मागे काय उरलं, तर रव्याची पातळ गंजी म्हणजे पेज, उकडलेला दुधी आणि कोमट पाणी. वेदवतीबाई ते चांदीच्या वाटीत वाढत. उपासमार करायचीच तर इतमामानं करावी, ही त्या घरची रीत. मी एकदा दुपारी गेले तर मानाजीराव गंजीकडे बघत बसले होते. मी विचारलं, मीठ तरी आहे का. घोगऱ्या आवाजात म्हणाले, “हाय की अक्का. कालच्या गंजीत होतं.”

एवढं सोसूनही हा माणूस ते पाळत होता, आणि का पाळत होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना जेवण नको होतं, दमाही चालला असता. त्यांना तो एक मुहूर्त हवा होता. वर्षिणीच्या डोळ्यांसमोर अंतरपाट असेल आणि कानावर आजोबांचा सूर पडेल, तेवढ्यासाठी ते दुधी खात होते. नातीला आपल्याकडून भाषा दिली गेली नाही, निदान एवढं तरी द्यावं, असं एकदा म्हणाले होते. सूर्य मावळत होता आणि ते माझ्या जुन्या शालीला अस्तर लावत होते. वर न बघता म्हणाले.

याच दिवसांत साखरपुडा झाला, नरसीपुरात रक्षितच्या घरी. नदीकाठचं गाव, यजमान हौशी. केळीच्या पानावर चित्रान्नाचा आंबट भात, दोन कोशिंबिरी, आंब्याची आमटी, पुरणाची होळिगे आणि वर तुपाची धार. मानाजीरावांच्या पानावर बरोबर आणलेल्या डब्यातली गंजी. पातळ असल्यामुळे ती पानावर थांबेना. डावीकडे वाहू लागली की मानाजीराव डाव्या बाजूनं अडवत, उजवीकडे निघाली की उजव्या बाजूनं. रक्षितच्या आईला वाटलं पाहुणे रागावले. ती सारखी विचारायची, आमचं काही चुकलं काय. वेदवतीबाई हात जोडून सांगायच्या की हे इन्हेलरवर आहेत. ऐकणाऱ्यांना वाटलं, मोठं कडक व्रत असणार. एका म्हाताऱ्या बाईंनी तर त्यांना वाकून नमस्कार केला.

शेजारी बसलेले नागोजीराव दुसरी होळिगे खात होते. त्यांचा गळा उत्तम होता.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी मानाजीराव केळं खाताना पकडले गेले. दुकानात, मापाच्या पडद्यामागे. वेदवतीबाईंनी पडदा बाजूला केला तेव्हा केळ्याची साल त्यांच्या खिशात होती आणि केळं तोंडात. रंगभूमीवर असे रंगेहाथ पकडले जाणारे नायक मी पुष्कळ पाहिले, पण त्यांच्या शेजारी निदान नायिका तरी असे. दुसऱ्या दिवशी आवाज आणखी बसला. आदल्या आठवड्यापासून तो रोज थोडा बसतच होता. पण आता गुन्हेगार सापडला होता, त्यामुळे चौकशीची गरज उरली नाही. नागोजीराव फक्त म्हणाले, “मी सांगितलं होतं.” हे वाक्य त्यांनी फार छान म्हटलं. मी त्यांना नाटकात घेतलं असतं.

आणि मग, ताटात काढून घेण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा, नागोजीरावांची नजर देव्हाऱ्याकडे गेली. त्यांनी हिशेब मांडला की इन्हेलर येण्याआधी गळा बरा होता, इन्हेलर आला आणि गळा गेला. मग लग्नापर्यंत इन्हेलरच बंद ठेवला तर? छाती आता बरी आहेच. मानाजीरावांना ते पटलं. खरं तर आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच गोष्ट ऐकायला शहाणपणाची वाटत होती, आणि तीच सगळ्यांत घातक होती. चार दिवस पफ नाही.

पाचव्या दिवशी, भर सकाळी, मी खिडकीतून पाहिलं तर मशीन थांबलेलं. मानाजीराव टेबलावर दोन्ही हात टेकून वाकले होते, खांदे वर-खाली होत होते, आणि शिट्टी रस्त्याच्या अलीकडे माझ्यापर्यंत ऐकू येत होती. मी पोचेपर्यंत वर्षिणी खाली आलेली. तिनं त्यांना गाडीत घातलं. वेदवतीबाई बसल्या, मी बसले, आणि कुठून कोण जाणे, नागोजीरावही बसले.

डॉक्टर कमलाक्षींनी आधी वाफ दिली, नळी लावली, ऑक्सिजन मोजला. श्वास ठिकाणावर आल्यावर, औषध का सोडलं, हे विचारलं. वेदवतीबाईंनी सगळं सांगितलं. गळ्यापासून सुरुवात करून केळं, दही, चिंच, पपनस असं करत त्या कॉफीपर्यंत आल्या. डॉक्टर ऐकत राहिल्या. मग टॉर्च काढला आणि मानाजीरावांना आ करायला सांगितलं.

जिभेवर, टाळूवर, पार घशापर्यंत पांढरे चट्टे होते. दह्याचा थर बसावा तसे. दही बंद होऊन महिना झालेल्या माणसाच्या तोंडात.

“पफ घेतल्यावर चूळ भरता ना? गुळण्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“आधी भरतो,” मानाजीराव म्हणाले. “खळखळून. उष्ट्या तोंडानं कसं घ्यायचं?”

“आणि नंतर?”

मानाजीरावांनी वेदवतीबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “तीर्थावर चूळ भरतात काय, डॉक्टर?”

डॉक्टरांनी टॉर्च विझवला, खुर्ची ओढून बसल्या आणि शांतपणे समजावून सांगितलं. औषध छातीसाठी आहे. पण प्रत्येक पफातलं थोडं तोंडात आणि घशात बसून राहतं. धुतलं नाही तर तिथं बुरशी धरते, आवाज बसतो, चव जाते. सकाळ-संध्याकाळ इतके महिने बसलं आहे. नंतर चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि ते पाणी गिळायचं नाही, थुंकायचं. हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आता चट्ट्यांवर लावायला औषध देते, ते पूर्ण करायचं. आणि इन्हेलर माझ्याशिवाय कोणी बंद करायचा नाही.

नागोजीरावांनी घसा खाकरला. खाण्याचं काय, असं विचारलं. इन्हेलरवर काय काय वर्ज्य?

“या इन्हेलरसाठी? काहीच नाही.”

काहीच नाही हे उत्तर नागोजीरावांना सोसेना. पपनस तरी, म्हणाले. डॉक्टर हसल्या. त्या जातीची काही फळं काही गोळ्यांशी जुळत नाहीत हे खरं, पण यांना गोळ्या कुठे आहेत. एखादी गोष्ट खाऊन ज्याला खरोखरच धाप लागते त्यानं ती सोडावी, पण ती ज्याची त्याची वेगळी, आणि यांना केळ्यानं कधी लागलेली नाही. कॉफी दोन कप घ्या, सहा नको. बाकी माणसासारखं जेवा; वजन चार किलो उतरलंय. मग त्यांनी नागोजीरावांना विचारलं, तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकवता? नागोजीराव म्हणाले, भांडारात होतो.

परतीच्या वाटेवर गाडीत वेदवतीबाई एकदाच बोलल्या. “एवढा दुधी मी कधी कुणाच्या लग्नात चिरला नव्हता.”

आता सगळं सोपं झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. संध्याकाळी दिवा लागला, मानाजीरावांनी देव्हाऱ्यातून इन्हेलर घेतला, दोन पफ ओढले, आणि मोरीपाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले. तोंडात पाणी घेतलं. गाल फुगले. आणि थुंकेनात. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातलं बाहेर येईना. शेवटी गिळून टाकलं. म्हणाले, देवाच्या पायाशी ठेवलेलं थुंकायचं कसं. इतके महिने त्याच्यामुळेच छाती सुटली. उद्या त्यानं हात काढून घेतला तर लग्नात उभा राहू कशाच्या जिवावर. चेष्टा करायची बाब नव्हती. तो माणूस खरोखर भ्यायला होता. एका बाजूला गळा आणि दुसऱ्या बाजूला विठ्ठल, आणि मधे तोंडभर पाणी.

वर्षिणी म्हणाली, “अज्जा, देवाला राग येत नाही सुम्ने.” सुम्ने म्हणजे उगाच. नव्या पिढीचं तत्त्वज्ञान इतकंच असतं, पण त्यानं भागलं नाही.

वेदवतीबाई मशीनकडे गेल्या. त्यांनी मशीनच्या पायट्याकडे बोट दाखवलं. “आयुधपूजेला ह्याला हळदकुंकू लावता, हार घालता, नारळ फोडता. दुसऱ्या दिवशी पाय कुठं ठेवता?”

मानाजीरावांनी पायट्याकडे बघितलं.

“पायट्यावर,” त्याच म्हणाल्या. “पाय ठेवताना कधी राग आला का त्याला? काम करायचं तर पाय ठेवावाच लागतो. हे पण तसलंच आयुध आहे. पूजा दसऱ्याला करू. रोज मोरीत राहू दे.”

त्यांनी इन्हेलर उचलला आणि दंतमंजनाच्या डबीशेजारी ठेवून दिला. मोठमोठ्या नाटकांतले उपदेश मी पाठ केलेत, म्हटलेत, टाळ्याही घेतल्यात. पण एवढ्या कमी शब्दांत एवढं काम झालेलं मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून गुळण्यांचा आवाज माझ्या घरापर्यंत आला. पेठेला वाटलं, नळ फुटला.

दही परत आलं, सार परत आलं. केळ्याची सुटका झाली, पण त्याची कोणी माफी मागितली नाही. नागोजीराव तीन दिवस दिसले नाहीत. चौथ्या दिवशी रसबाळेचा एक घड घेऊन आले आणि म्हणाले की ही जरा पिकलेली आहेत, म्हणून थंड नसतात. त्यांना बसायला खुर्ची दिली गेली.

चट्टे गेले. आवाज मात्र आपल्या सवडीनं येत होता. लग्नाआधी तपासून डॉक्टरांचं मत असं पडलं, की बराच बरा आहे, ताण देऊ नका. मानाजीरावांनी मान डोलावली.

नंजनगूडच्या कार्यालयात अंतरपाट धरला गेला. या बाजूला वर्षिणी, त्या बाजूला रक्षित, आणि मधे हळदीच्या बोटांचं ते पांढरं कापड. मानाजीरावांनी स्वतः शिवलेला कोट घातला होता. माइक त्यांच्या हातात, नागोजीराव डाव्या हाताला, ओठ हलवायला सज्ज. पहिली दोन कडवी जरा खरखरीत निघाली, पण निघाली. तिसऱ्यात वर्षिणी-रक्षितची नावं गुंफली होती. ती ऐकून नरसीपूरकरांनी माना हलवल्या, म्हणजे नावं तेवढी कळली. मग शेवटचं कडवं. ‘शुभमंगल’ म्हणून ते चढले, सूर लांबवायला लागले, आणि वरच्या टोकाला जाऊन आवाज अचानक तुटला.

‘सावधान’ अजून बाकी होतं. मानाजीराव माइक धरून उभे. छाती वर-खाली. आणि मंडपातल्या ज्या मंडळींना मराठीचं अक्षर येत नव्हतं, त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला की सूर थांबला म्हणजे लग्न लागलं. भराभर अक्षता पडल्या. वाजंत्रीवाल्यानं सनई ओठाला लावली. भटजींनी हात वर करून त्याला थांबवलं. नागोजीरावांनी श्वास भरून घेतला आणि तोंड उघडलं. त्यांच्या चाळीस वर्षांच्या प्रतीक्षेचा क्षण समोर उभा होता. वेदवतीबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तोंड मिटलं.

तेवढ्यात अंतरपाटाच्या आडून, मान खाली घातलेल्या नवरीचा आवाज आला. हळू, पण माइक जवळ होता म्हणून सगळ्या मंडपाला ऐकू गेला.

“अज्जा, निधान.” म्हणजे सावकाश, घाई नाही.

मानाजीरावांनी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांच्या देखत, सूर मधेच सोडून, एक श्वास घेतला. मग दुसरा घेतला. आणि मग त्यांनी ‘सावधान’ म्हटलं. पूर्वीसारखं लांब नव्हतं ते. मंडपाच्या त्या टोकापर्यंत पोचलं नसेल कदाचित. अंतरपाटापर्यंत पोचलं, आणि त्याच्या दोन बाजूंना दोघंच उभी होती.

भटजींनी कापड खाली सोडलं. लोकांनी हात वर केले आणि ते रिकामे निघाले. अक्षता आधीच उधळून झाल्या होत्या. सगळे एकमेकांच्या मुठींकडे बघू लागले, कोणी जमिनीवरून वेचायला वाकले. एकट्या नागोजीरावांची मूठ भरलेली होती, कारण ते गायच्या तयारीत होते. त्यांनी मूठ उघडली, आधी थोड्या अक्षता मानाजीरावांच्या हातात घातल्या, आणि उरलेल्या सगळ्या वर्षिणीच्या डोक्यावर टाकल्या.